मोठ्या कुटुंबाची न्याहारी : धान्य, डाळ आणि चूल यांचा हिशेब

आठ-दहा माणसांच्या घरात सकाळची न्याहारी हा एकाच वेळी पैशाचा, पोषणाचा, वेळेचा आणि आवडीनिवडीचा प्रश्न असतो. शाळेत जाणारी मुले, कामावर निघणारी प्रौढ माणसे आणि दात किंवा पचन कमजोर झालेले वृद्ध यांच्या गरजा वेगवेगळ्या असल्या, तरी चूल एकच असते आणि हाताशी असलेला वेळ जेमतेम तासाभराचा असतो. या अडचणीतून सुटका म्हणून अनेक घरांत चहा-बिस्कीट, खारी, टोस्ट किंवा पाव यांचा आधार घेतला जातो. हे पदार्थ तयार मिळतात आणि एका पुड्याची किंमत थोडी असते, त्यामुळे ते स्वस्त वाटतात. परंतु त्यांतून मिळणाऱ्या पोषणाच्या मानाने ते महाग पडतात, हे थोड्याशा हिशेबाने दाखवता येते. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतील पारंपरिक न्याहारीचे पदार्थ या हिशेबात चांगले उतरतात. त्यांपैकी कोणता पदार्थ कोणत्या दिवशी आणि कोणत्या तऱ्हेने करावा, याचा विचार मात्र कुटुंबाचा आकार लक्षात घेऊन करावा लागतो.

प्रथिनांचा हिशेब

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये केलेल्या शिफारशींनुसार निरोगी प्रौढ व्यक्तीला शरीराच्या दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६५ किलो वजनाच्या पुरुषाला सुमारे ५४ आणि ५५ किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने पुरतात. चार प्रौढ, दोन वृद्ध आणि शाळेच्या वयाची दोन मुले असे आठ जणांचे कुटुंब धरले, तर त्याची दिवसाची एकूण गरज साधारण ३५० ग्रॅम होते, आणि तिचा चौथा हिस्सा न्याहारीतून भागावा असे ठरवले, तर सकाळच्या पदार्थांत मिळून सुमारे ९० ग्रॅम प्रथिने असायला हवीत.

या मापाने नेहमीचे कांदेपोहे तपासून पाहता येतात. आठ जणांना साधारण अर्धा किलो पोहे लागतात आणि त्यांत जवळपास ३५ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे गरजेच्या निम्मीही नाहीत. त्याच पोह्यांत १०० ग्रॅम शेंगदाणे घातले, तर आणखी सुमारे २४ ग्रॅम मिळतात, आणि १५० ग्रॅम मटकीला मोड आणून ती वाफवून मिसळली, तर बेरीज ९० ग्रॅमच्या आसपास जाते. पदार्थ तोच राहतो, त्याची चव वाढते आणि मुख्य म्हणजे दोन तासांनी पुन्हा भूक लागत नाही, कारण प्रथिने आणि तंतुमय घटक असलेले अन्न जठरातून सावकाश पुढे सरकते.

धान्य आणि डाळ एकत्र खाण्याला आणखी एक कारण आहे. प्रथिने ही अमिनो आम्ल नावाच्या घटकांची बनलेली असतात आणि त्यांपैकी काही घटक शरीराला स्वतः तयार करता येत नसल्यामुळे ते अन्नातूनच मिळवावे लागतात. तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी या तृणधान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, तर डाळी आणि कडधान्यांत ते भरपूर असते. उलट मेथिओनिन हे अमिनो आम्ल डाळींत कमी आणि धान्यांत त्या मानाने जास्त असते. साधारण तीन भाग धान्य आणि एक भाग डाळ असे प्रमाण राखले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो आणि मिश्रणातील प्रथिनांचा दर्जा वाढतो. इडली, आंबोळी, मेतकूट-भात, कळण्याची भाकरी आणि थालीपीठ या सर्वांत हाच मेळ निरनिराळ्या प्रमाणांत साधलेला दिसतो.

खर्चाची तुलनाही पुड्याच्या किमतीवर न करता पोषणाच्या किमतीवर करावी लागते. बाजारभाव सतत बदलतात, पण पद्धत समजण्यासाठी डाळ १०० रुपये किलो, शेंगदाणे १४० रुपये किलो, दूध ६० रुपये लिटर, अंडे ७ रुपयांना एक आणि बिस्किटे १०० रुपये किलो असे भाव गृहीत धरले, तर १० ग्रॅम प्रथिने डाळीतून साडेचार रुपयांना, शेंगदाण्यांतून सहा रुपयांना, अंड्यांतून सुमारे अकरा रुपयांना, बिस्किटांतून पंधरा रुपयांना आणि दुधातून अठरा रुपयांना पडतात. दूध आणि अंडी यांच्यातील प्रथिने उच्च दर्जाची असतात आणि त्यांतून जीवनसत्त्वेही मिळतात, म्हणून ती वाढत्या मुलांच्या आहारात असावीत. परंतु संपूर्ण कुटुंबाच्या न्याहारीचा मुख्य भार डाळ, कडधान्ये आणि शेंगदाणे यांच्यावर टाकणे हेच परवडणारे ठरते. बिस्किटे मात्र प्रथिनांच्या मापाने महाग आहेत आणि त्यांच्याबरोबर मैदा, स्निग्ध पदार्थ आणि पुष्कळ साखरही पोटात जाते.

भाजणी : घरातील तयार पीठ

मोठ्या कुटुंबाला रोज नव्याने तयारी करणे जमत नाही, म्हणून महिन्या-दोन महिन्यांची तयारी एकदाच करून ठेवण्याची पद्धत महाराष्ट्रात रूढ झाली, आणि भाजणी हे तिचे उत्तम उदाहरण आहे. भाजणी म्हणजे धान्ये आणि डाळी वेगवेगळ्या भाजून, थोडे धने-जिरे घालून एकत्र दळलेले पीठ. घरोघरचे प्रमाण निराळे असते. तरीही ज्वारी आणि बाजरी प्रत्येकी अर्धा किलो, तांदूळ आणि गहू प्रत्येकी पाव किलो, हरभरा डाळ आणि उडीद डाळ प्रत्येकी पाव किलो, धने १०० ग्रॅम आणि जिरे २५ ग्रॅम असे प्रमाण घेतले, तर धान्य आणि डाळ यांचा तीनास एक हा मेळ नेमका साधतो. या पिठात सुमारे १३ टक्के प्रथिने असतात, म्हणजे माणशी ८० ग्रॅम भाजणीची थालीपिठे केली, तर प्रत्येकाला जवळपास १० ग्रॅम प्रथिने मिळतात आणि सोबत वाटीभर दही दिले की न्याहारीची गरज सहज भागते.

धान्ये भाजण्यामागे खमंगपणाइतकेच टिकाऊपणाचेही कारण आहे. बाजरीत स्निग्धांश बराच असतो आणि ती दळली की त्या स्निग्धांशावर लायपेज नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, काम करू लागते. त्यामुळे बाजरीचे कच्चे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते. भाजल्याने हे विकर निकामी होते, धान्यातील ओल जाते आणि कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भाजणी दीड-दोन महिने चांगली राहते. प्रत्येक धान्याच्या दाण्याचा आकार वेगळा असल्यामुळे ती एकत्र न भाजता स्वतंत्रपणे आणि मंद आचेवर भाजावीत, कारण आच मोठी झाली तर दाणा बाहेरून करपतो आणि आतून कच्चा राहतो, शिवाय करपलेल्या धान्यातील लायसिनही कमी होते. भाजलेले धान्य पूर्ण गार झाल्यावरच गिरणीत द्यावे, नाहीतर पिठाला वाफ धरते.

थालीपिठाचा आणखी एक गुण असा की त्यात जवळजवळ कोणतीही हंगामी भाजी सामावते. मेथी, कोबी, किसलेला दुधी, गाजर, मुळ्याचा पाला किंवा शेवग्याचा पाला यांपैकी जे त्या आठवड्यात स्वस्त असेल ते पिठाच्या निम्म्याहून अधिक वजनाइतके घालता येते. जी मुले ताटातील पालेभाजी बाजूला सारतात, ती थालीपिठातील मेथी तक्रार न करता खातात. हीच भाजणी ताकात कालवून, फोडणीत वाफवून तिची उकडपेंडी केली, तर दात नसलेल्या वृद्धांनाही ती खाता येते. विदर्भात उकडपेंडी ज्वारीच्या किंवा गव्हाच्या पिठाची करतात. भाजणी वापरल्यास तीत डाळीची भर पडते.

भिजवणे, मोड आणणे, आंबवणे

अन्नात एखादा पोषक घटक असणे आणि तो शरीराला मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धान्य आणि कडधान्यांच्या दाण्यात फायटिक आम्ल नावाचा पदार्थ असतो. तो लोह, जस्त आणि कॅल्शियम यांना बांधून ठेवतो आणि त्यांचे शोषण कमी करतो. धान्य भिजवले, त्याला मोड आणले किंवा पीठ आंबवले, की फायटेज नावाचे विकर या आम्लाचे विघटन करू लागते आणि बांधलेली खनिजे मोकळी होतात. मोड आणण्याच्या क्रियेत क जीवनसत्त्वही नव्याने तयार होते. या सर्वांसाठी कोणताही वेगळा खर्च येत नाही, फक्त एक-दोन दिवस आधी आठवण ठेवावी लागते. मटकी किंवा मूग आठ-दहा तास भिजवून ओलसर फडक्यात बांधून ठेवले, तर उन्हाळ्यात अर्ध्या दिवसात आणि थंडीत त्याहून बराच जास्त वेळाने मोड येतात. लहान मुले, गर्भवती स्त्रिया आणि वृद्ध यांना मोड आलेली कडधान्ये कच्ची न देता वाफवून द्यावीत, कारण उबदार ओलाव्यात मोडांबरोबर अपायकारक जिवाणूही वाढू शकतात.

नाचणी हे या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे धान्य आहे. १०० ग्रॅम नाचणीत ३४० ते ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या गाईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट. त्याचे शोषण दुधातील कॅल्शियमइतके सहज होत नसले, तरी नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून केलेले सत्त्व किंवा रात्रभर ताकात भिजवलेल्या पिठाची आंबील यांमुळे ही अडचण बरीच कमी होते. आंबील एका मोठ्या पातेल्यात दहा मिनिटांत शिजते आणि मुलांसाठी गूळ, मोठ्यांसाठी लसूण-जिरे घालून एकाच पातेल्यातून दोन चवी काढता येतात. गुळात साखरेपेक्षा खनिजे थोडी जास्त असली, तरी तोही मुख्यतः साखरच आहे, हे लक्षात ठेवून तो बेतानेच घालावा.

इडली आणि आंबोळी यांच्या आंबवलेल्या पिठात दुग्धाम्ल तयार करणारे जिवाणू वाढतात. त्यांनी सोडलेला वायू उडदाच्या चिकट पिठात अडकतो आणि पीठ फुगते. या क्रियेत काही ब जीवनसत्त्वांचे प्रमाण वाढते आणि पदार्थ पचायला हलका होतो. कोकणात आंबोळीबरोबर काळ्या वाटाण्यांची उसळ देण्याची रीत आहे, तिच्यामुळे प्रथिनांची आणखी भर पडते.

लोहाच्या बाबतीत एक साधी सवय फार उपयोगी आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ या वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. वनस्पतिजन्य अन्नातील लोह शरीराला अवघडपणे मिळते, परंतु त्याच वेळी क जीवनसत्त्व पोटात गेले तर त्याचे शोषण वाढते, म्हणून पोह्यांवर लिंबू पिळणे, उसळीवर कोथिंबीर घालणे किंवा न्याहारीनंतर पेरूच्या दोन फोडी खाणे याला चवीपलीकडचा अर्थ आहे. चहातील टॅनिन हा तुरट घटक नेमके याच्या उलट काम करतो. त्यामुळे न्याहारी आणि चहा यांच्यात तासाभराचे अंतर ठेवणे हितकारक ठरते.

पातेल्याचे पदार्थ आणि तव्याचे पदार्थ

न्याहारी परवडणे म्हणजे केवळ शिधा परवडणे नव्हे, हे मोठ्या कुटुंबात प्रकर्षाने जाणवते. माणशी दोन याप्रमाणे आठ जणांची सोळा थालीपिठे एका तव्यावर प्रत्येकी चार-पाच मिनिटे लागतील या हिशेबाने लावली, तर सव्वा तास जातो, तेवढा वेळ गॅस जळतो, आणि लावणारी व्यक्ती, जी बहुतेक घरांत स्त्रीच असते, सर्वांच्या शेवटी, बहुधा उरलेसुरले खाते. घावन, धिरडे, आंबोळी, पराठा हे सर्व तव्याचे पदार्थ याच वर्गात मोडतात. उलट पोहे, उपमा, उकडपेंडी, तांदळाची उकड, ज्वारीच्या कण्या, आंबील, पेज, मऊभात आणि उसळ हे पातेल्याचे किंवा कढईचे पदार्थ आहेत. ते चार जणांना करायला जेवढा वेळ लागतो, त्याहून थोडाच जास्त वेळ दहा जणांना लागतो. इडली या दोन्हींच्या मधली आहे, कारण तिचे पीठ आधी तयार करावे लागते, पण वाफवताना एका वेळी वीस-चोवीस इडल्या दहा-बारा मिनिटांत होतात.

मोठ्या प्रमाणावर न्याहारी देणाऱ्या योजनाही याच मार्गाने जातात. तमिळनाडू सरकारने १५ सप्टेंबर २०२२ रोजी मदुराई येथून शालेय न्याहारी योजना सुरू केली, तेव्हा पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी उपमा, खिचडी, पोंगल असे एका भांड्यात शिजणारे पदार्थ आणि त्यांच्याबरोबर भाज्यांचे सांबार अशी आखणी केली होती. घरगुती नियोजनातही कामाच्या दिवशी पातेल्याचे पदार्थ आणि सुट्टीच्या दिवशी तव्याचे पदार्थ ही विभागणी सर्वांत सोयीची ठरते. तव्याचा पदार्थ करायचाच असेल, तर दोन तवे एकदम ठेवावेत आणि घरातील दुसऱ्या माणसाने भाजण्याची बाजू सांभाळावी.

आवड आणि तोंडी लावणे

एकच पदार्थ आठ जणांना सारखाच आवडेल अशी अपेक्षा करता येत नाही आणि प्रत्येकासाठी वेगळा पदार्थ करणे कोणालाही परवडत नाही. मराठी स्वयंपाकाने यावर काढलेला मार्ग म्हणजे मूळ पदार्थ सौम्य ठेवायचा आणि चव तोंडी लावण्यावर सोपवायची. शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची आणि तिळाची कोरडी चटणी, लसणीचे तिखट, लोणचे, मिरचीचा ठेचा, दही, ताक आणि लोणी यांपैकी चार गोष्टी ताटाजवळ असल्या, तर त्याच कण्या मुले दूध-गुळाबरोबर, तरुण ठेच्याबरोबर आणि वृद्ध ताकाबरोबर खातात. या चटण्या केवळ चवीपुरत्या नसतात; शेंगदाणे, जवस, तीळ आणि कारळे यांतून प्रथिने आणि चांगला स्निग्धांश मिळतो, तिळातून कॅल्शियमही मिळते, आणि एकदा कुटून ठेवलेली कोरडी चटणी दोन-तीन आठवडे पुरते.

मुलांच्या आवडीच्या बाबतीत पदार्थाच्या आकाराला आणि पोताला महत्त्व असते. जे मूल उसळ नाकारते ते तीच मटकी घातलेले आप्पे खाते. नवीन धान्याची ओळख हळूहळू करून देणेही उपयोगी पडते. रव्याच्या उपम्यात सुरुवातीला चौथा हिस्सा ज्वारीचा रवा मिसळून पुढे तो वाढवत नेला, तर बदल फारसा जाणवत नाही.

आदल्या दिवशीचे उरलेले अन्न

मोठ्या घरात पोळी, भाकरी किंवा भात थोडाफार उरतोच, आणि फोडणीची पोळी, ताकातली भाकरी व फोडणीचा भात हे त्याचे रूढ उपयोग आहेत. पोळी आणि भाकरी यांत ओल कमी असल्यामुळे त्या रात्रभर बऱ्या राहतात. भाताच्या बाबतीत मात्र काळजी घ्यावी लागते. तांदळावर असणाऱ्या बॅसिलस सीरियस या जिवाणूची बीजे शिजवूनही मरत नाहीत, भात उबदार जागी तासन्‌तास राहिला की ती रुजतात आणि त्यांनी तयार केलेले एक विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार शिजवलेले अन्न सामान्य तापमानाला दोन तासांहून अधिक ठेवू नये. म्हणून उरलेला भात रात्रीच पसरट भांड्यात गार करून फ्रिजमध्ये ठेवावा, आणि ती सोय नसेल तर भात बेतानेच लावावा.

आठवड्याची मांडणी

वरील सर्व विचार एकत्र केले, तर आठवड्याचे एक साधे वेळापत्रक तयार होते. सोमवारी मोड आलेली मटकी घातलेले पोहे, मंगळवारी भाजणीची उकडपेंडी, बुधवारी इडली आणि डाळ-भाज्यांचे सांबार, गुरुवारी उरलेल्या इडलीच्या पिठात कांदा-गाजर घालून केलेले आप्पे, शुक्रवारी रात्री भिजवलेल्या ज्वारीच्या कण्या आणि ताक, शनिवारी मुगाची उसळ आणि भाकरी, तर रविवारी सर्वजण घरी असताना पालेभाजी घातलेली थालीपिठे, अशी ही मांडणी ठेवता येते. शनिवारच्या भाकरी दुपारच्या जेवणाच्याही एकदम भाजून ठेवल्या, तर तवा दोनदा तापवावा लागत नाही. यांपैकी कोणत्याही पदार्थाला दुर्मीळ सामग्री लागत नाही. कोकणातील कुटुंबाने ज्वारीच्या जागी तांदूळ आणि नाचणी, तर खान्देशातील कुटुंबाने उसळीच्या जागी कळण्याची भाकरी घेतली, तरी मांडणीचे तत्त्व बदलत नाही, कारण स्थानिक धान्य बहुधा तेथील बाजारात स्वस्त मिळते.

ही मांडणी टिकण्यासाठी कामाची वाटणीही आवश्यक आहे. मटकी भिजवणे, भाजी चिरणे, शेंगदाणे सोलणे, लिंबू पिळणे आणि ताटे मांडणे ही कामे दहा वर्षांच्या मुलापासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत कोणालाही जमतात, आणि त्यांपैकी पूर्वतयारीची कामे रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटांत उरकता येतात. ज्या कुटुंबाला ही पद्धत सुरू करायची असेल, त्याने सर्व बदल एकदम न करता पहिल्या महिन्यात दोन किलो भाजणी करून ठेवावी, आठवड्यातून दोनदा कडधान्य भिजवावे आणि बिस्किटांवरचा खर्च शेंगदाण्यांकडे वळवावा. महिनाअखेरीस वाणसामानाची यादी ताडून पाहिली, तर बचत किती झाली हे त्या कुटुंबाला स्वतःच मोजता येईल.